सहकारी खेळ व बालकांतील ऐक्यभावना

ज्या खेळात सर्व खेळाडूंचे उद्दिष्ट एकच असते आणि ते परस्परांच्या साहाय्यावाचून साध्य होऊ शकत नाही, अशा खेळास सहकारी खेळ म्हणतात. स्पर्धात्मक खेळात एका पक्षाचा विजय म्हणजे दुसऱ्या पक्षाचा पराभव असतो. सहकारी खेळात मात्र सर्वजण मिळून जिंकतात किंवा सर्वजण मिळून हरतात. या दोहोंच्या दरम्यान सांघिक खेळांचा मोठा वर्ग येतो. त्यांत संघाच्या आत सहकार्य आणि दोन संघांत स्पर्धा, अशी दुहेरी रचना असते. भिन्न जाती, धर्म, वर्ग वा वंश यांतील मुलांमध्ये खेळांच्या द्वारे ऐक्यभावना निर्माण करण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून निरनिराळ्या देशांत झाले. मुले एका मैदानावर एकत्र आली, की त्यांच्यातील दुरावा आपोआप नाहीसा होतो, अशी समजूत या प्रयत्नांमागे प्रारंभी होती. पुढील अनुभवाने व संशोधनाने ती अपुरी ठरविली. संघ कोणत्या आधारावर पाडले जातात आणि खेळाची रचना खेळाडूंना परस्परांवर कितपत अवलंबून ठेवते, यांवर खेळ जोडणारा ठरतो की तोडणारा, हे बव्हंशी अवलंबून असते.

पारंपरिक बालखेळ : सहकारी खेळ ही संज्ञा विसाव्या शतकातील असली, तरी तिच्यातील तत्त्व लोकपरंपरेत पूर्वापार आढळते. महाराष्ट्रातील झिम्मा, भोंडल्याचा फेर यांसारख्या मुलींच्या खेळांत हारजीत नसते. फुगडीत दोघींचा तोल परस्परांच्या हातांवर सावरलेला असतो. एकीने हात सोडला, तर दोघीही पडतात. ‘साखळी’ या पाठशिवणीच्या खेळात पकडला गेलेला गडी बाद होऊन बाहेर बसत नाही, तर राज्य असलेल्या गड्याचा हात धरून त्याच्या साखळीत सामील होतो. ‘विषामृत’ या खेळात ‘विष’ मिळालेला गडी जागीच खिळून राहतो आणि सवंगड्याने धावत येऊन स्पर्शाने ‘अमृत’ दिले, म्हणजे पुन्हा खेळू लागतो. स्वतः पकडले जाण्याचा धोका पत्करून दुसऱ्यास सोडविणे, हाच या खेळाचा गाभा होय. अगदी लहान मुलाला ‘लिंबूटिंबू’ म्हणून खेळात घेण्याची आणि त्याला बाद न धरण्याची प्रथाही याच वृत्तीची द्योतक आहे.

गडी वाटून घेण्याची एक पारंपरिक पद्धत या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. साधारण समान ताकदीच्या दोन-दोन मुलांच्या जोड्या बाजूला जाऊन स्वतःसाठी गुप्त नावे ठरवितात आणि परत येऊन दोन्ही नायकांपुढे उभ्या राहतात. नायक केवळ नाव निवडतो. त्या नावामागे कोणता मुलगा आहे, हे त्याला ठाऊक नसते. त्यामुळे दोन्ही संघ तुल्यबळ होतात आणि मैत्री, नाते वा घराणे पाहून गडी निवडण्यास वाव राहत नाही.

तथापि परंपरेतील या सहकार्याला समाजरचनेची मर्यादा होती. खेळाचे नियम समतेचे असले, तरी खेळणारा गट बहुधा एका आळीचा, एका वाड्याचा वा एका वस्तीचा असे आणि वस्त्या जातवार विभागलेल्या असत. पाठशिवणीचे बहुतेक खेळ स्पर्शावर आधारलेले आहेत. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्याला उलट फिरता येत नाही किंवा मधली रेषा ओलांडता येत नाही. त्याने बसलेल्या सहकाऱ्याच्या पाठीला स्पर्श करून ‘खो’ दिला, तरच पाठलाग पुढे चालू राहतो. जेथे स्पर्शच विटाळ मानला जात होता, तेथे असे खेळ सर्व मुलांना एकत्र खेळता येणे शक्य नव्हते. याचाच दुसरा अर्थ असा, की ज्या मैदानावर हे खेळ सर्व जातींची मुले एकत्र खेळली, तेथे अस्पृश्यतेचा नियम कोणत्याही उपदेशावाचून मोडला गेला. खो-खोचे नियम १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने सूत्रबद्ध केले. त्यानंतर शाळांच्या द्वारे या खेळाचा प्रसार झाल्याने तो आळीच्या मर्यादेबाहेर पडला.

सांघिक खेळ व चारित्र्यशिक्षण : सांघिक खेळांमुळे शिस्त, निष्ठा व त्याग हे गुण अंगी बाणतात, हा विचार एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील निवासी शाळांत रूढ झाला. टॉमस ह्यूझ (१८२२–९६) याच्या रग्बी शाळेवरील कादंबरीने (१८५७) त्याला लोकप्रियता मिळवून दिली. ब्रिटिश अमदानीत तो भारतातील शाळांतही आला. हॅरी क्रो बक (१८८४–१९४३) यांनी १९२० मध्ये मद्रास येथे स्थापन केलेल्या वाय्. एम्. सी. ए.च्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून भारतीय क्रीडाशिक्षकांच्या पिढ्या तयार झाल्या. मात्र मूळ इंग्रजी शाळा एका विशिष्ट वर्गापुरत्याच मर्यादित असल्याने तेथील संघभावना ही त्या वर्गाच्या आतील भावना होती.

वर्गभेद ओलांडण्याचा जाणीवपूर्वक प्रयोग रॉबर्ट बेडन-पॉवेल (१८५७–१९४१) यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर केला. या शिबिरात सुमारे वीस मुले होती. त्यांपैकी काही उच्चभ्रूंच्या निवासी शाळांतील, तर काही श्रमिक कुटुंबांतील होती. वर्गाप्रमाणे वेगवेगळे गट न करता चार मिश्र पथके करण्यात आली आणि स्वयंपाक, माग काढणे, खेळ इ. सर्व कामे पथकश: देण्यात आली. यातूनच बालवीर चळवळीतील पथकपद्धती उदयास आली. भारतात ही चळवळ १९०९ मध्ये आली. परंतु प्रारंभी तीत यूरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांनाच प्रवेश होता. वर्गभेद विसरविण्यासाठी योजिलेल्या पद्धतीच्या दारावर वंशभेदाची अर्गळा घातली गेली, हा या इतिहासातील विरोधाभास होय. परिणामी भारतीय मुलांसाठी वेगळ्या संघटना स्थापन झाल्या. १९१८ मध्ये मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांच्या पुढाकाराने निघालेली सेवा समिती बालवीर संघटना त्यांपैकी महत्त्वाची आहे. स्वातंत्र्योत्तर काळात ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एकत्रित संघटना अस्तित्वात आली.

मुंबईचे जातीय क्रिकेट सामने : संघ पाडण्याचा आधार किती निर्णायक ठरतो, याचे ठळक उदाहरण मुंबईच्या क्रिकेटमध्ये सापडते. हे सामने प्रौढांचे होते. तथापि बालकांच्या क्रीडाशिक्षणाच्या दृष्टीनेही ते बोधप्रद आहेत. यूरोपीय व पारशी यांच्या सामन्यांत १९०७ मध्ये हिंदू संघाची भर पडून तिरंगी, १९१२ मध्ये मुस्लिम संघाची भर पडून चौरंगी आणि १९३७ मध्ये ‘शेष’ या संघाच्या समावेशाने पंचरंगी स्पर्धा सुरू झाली. खेळाचा दर्जा उच्च होता आणि प्रतिस्पर्धी खेळाडूंत वैयक्तिक स्नेहही आढळे. परंतु संघाची निवडच धर्मावर आधारलेली असल्याने प्रेक्षकांच्या दृष्टीने प्रत्येक विजय हा एका समाजाचा विजय व दुसऱ्या समाजाचा पराभव ठरे. डिसेंबर १९४० मध्ये म. गांधींनी या स्पर्धेविषयी जाहीर नापसंती व्यक्त केली. महाविद्यालये व संस्था यांच्यातील सामने समजण्यासारखे आहेत, परंतु धर्मवार संघ कशासाठी, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. ही स्पर्धा १९४६ मध्ये कायमची बंद झाली.

याच स्पर्धेच्या इतिहासात दुसरी एक बाजूही दिसते. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजातील पळवणकर बाळू (१८७६–१९५५) यांना त्यांच्या असामान्य गोलंदाजीमुळे हिंदू संघात घेणे भाग पडले. पुण्यात हिंदू संघाकडून खेळू लागले, तेव्हा मैदानावर ते सवर्ण खेळाडूंच्या बरोबरीने खेळत. परंतु चहाच्या वेळी त्यांना इमारतीबाहेर मातीच्या वेगळ्या पात्रातून चहा दिला जाई. चेंडू सर्वांच्या हातून फिरत होता, पेला मात्र फिरत नव्हता. त्यांना कर्णधारपद कधीच लाभले नाही. त्यांचे बंधू विठ्ठल हे मात्र १९२३ मध्ये हिंदू संघाचे कर्णधार झाले. संघाच्या आतील परस्परावलंबनाने जातीची भिंत काही प्रमाणात खचविली. तथापि त्याच वेळी संघासंघांतील धर्माधिष्ठित स्पर्धेने दुसरी भिंत पक्की केली.

राष्ट्र सेवा दल : महाराष्ट्रात मुलामुलींच्या ऐक्यासाठी खेळांचा पद्धतशीर उपयोग करणाऱ्या संघटनांत राष्ट्र सेवा दलाचे स्थान महत्त्वाचे आहे. ४ जून १९४१ रोजी पुणे येथे या दलाची पुनर्रचना झाली आणि एस्. एम्. जोशी (१९०४–८९) हे त्याचे दलप्रमुख झाले. जाती-धर्माचा भेद न करता मुले व मुली यांनी सायंकाळी शाखेत एकत्र यावे, खेळ, लेझीम, कवायत व समूहगान यांत भाग घ्यावा, असा त्याचा नित्यक्रम होता. शिबिरांत श्रमदान व एका पंक्तीचे भोजन यांची जोड असे. क्रिकेटच्या मैदानावर जे अपुरे राहिले, ते येथे पूर्ण केले गेले : खेळ संपल्यावर पाणी व अन्न यांच्या बाबतीतही समता पाळली गेली. साने गुरुजी (१८९९–१९५०) यांचा या दलाशी निकटचा संबंध होता. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे, म्हणून त्यांनी मे १९४७ मध्ये केलेले उपोषण आणि भिन्नभाषी प्रांतांतील मुलांना एकमेकांजवळ आणू पाहणारी त्यांची आंतरभारतीची कल्पना यांमागे एकच दृष्टी होती.

सामाजिक मानसशास्त्रातील संशोधन : सहकार्य व स्पर्धा यांचे शास्त्रीय विवेचन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मॉर्टन डॉइच (१९२०–२०१७) यांनी १९४९ मध्ये केले. एका व्यक्तीचे यश दुसरीच्या यशास पोषक ठरेल अशी परिस्थिती असल्यास संवाद व विश्वास वाढतात आणि मारक ठरेल अशी असल्यास संशय वाढतो, असे त्यांच्या मताचे सार होय. गॉर्डन ऑलपोर्ट (१८९७–१९६७) यांनी १९५४ मध्ये पूर्वग्रहांवरील आपल्या ग्रंथात असे दाखविले, की भिन्न गटांचा नुसता संपर्क पुरेसा नसतो. समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्पर-सहकार्य आणि अधिकारी व्यक्तींचा पाठिंबा या चार अटी पाळल्या गेल्या, तर संपर्कातून पूर्वग्रह कमी होण्याचा संभव असतो.

याच वर्षी मुझफर शेरीफ (१९०६–८८) व त्यांचे सहकारी यांनी ओक्लाहोमा राज्यातील रॉबर्स केव्ह या वनोद्यानात अकरा वर्षांच्या सुमारास असलेल्या २२ मुलांवर प्रयोग केला. परस्परांस अपरिचित असलेल्या या मुलांचे दोन गट करून ते प्रथम वेगवेगळे ठेवण्यात आले. नंतर त्यांच्यात बेसबॉल, रस्सीखेच इ. खेळांची बक्षिसांची स्पर्धा लावण्यात आली. अल्पावधीतच शिवीगाळ, एकमेकांचे ध्वज जाळणे आणि झोपड्यांवर छापे घालणे, येथवर मजल गेली. पुढे दोन्ही गटांना केवळ एकत्र जेवण व करमणूक देण्यात आली, तेव्हा भोजनगृहात अन्नाची फेकाफेक झाली. अखेर कोणत्याही एका गटास एकट्याने सोडविता येणार नाहीत, अशा अडचणी योजण्यात आल्या. पाणीपुरवठा बंद पडला. चित्रपट आणण्यासाठी वर्गणी कमी पडली. अन्न आणण्यासाठी निघावयाची मालमोटार सुरू होईना. जो दोर रस्सीखेचीत वापरला होता, तोच मालमोटारीस बांधून दोन्ही गटांनी ती मिळून ओढली. अशा प्रसंगांच्या पुनरावृत्तीने वैर ओसरले आणि बहुतेक मुले परतीच्या प्रवासात एकत्र मिसळून गेली.

या प्रयोगावर पुढे आक्षेपही घेतले गेले. शिबिराचे चालक म्हणून वावरणाऱ्या संशोधकांनी भांडणे वाढतील अशी परिस्थिती हेतुतः निर्माण केली आणि मुलांना प्रयोगाची कल्पना नव्हती. १९५३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात झालेल्या आधीच्या प्रयत्नात मुलांची गट पाडण्यापूर्वीच मैत्री झाली होती. तेथे त्यांना परस्परांविरुद्ध उभे करणे संशोधकांना जमले नाही व प्रयोग सोडून द्यावा लागला. जीना पेरी यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ही माहिती तपशीलाने दिली आहे. ऐक्याच्या दृष्टीने हा फसलेला प्रयोगही तितकाच अर्थपूर्ण ठरतो. कारण आधी जुळलेला स्नेह नंतरच्या गटबाजीस पुरून उरू शकतो, असे त्यावरून दिसते.

सहकारी खेळांची चळवळ : सहकारी खेळांचा स्वतंत्र संग्रह करण्याचा आरंभीचा महत्त्वाचा प्रयत्न थीओडोर लेंट्झ व रूथ कॉर्नेलियस यांनी अमेरिकेतील सेंट लूइस येथे १९५० मध्ये केला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या शांतताविचाराची त्यास पार्श्वभूमी होती. व्हिएटनाम युद्धाच्या काळात स्ट्यूअर्ट ब्रँड, जॉर्ज लेनर्ड, पॅट फॅरिंग्टन प्रभृतींनी ‘नवे खेळ’ ही चळवळ सुरू केली. तिचा पहिला मेळावा ऑक्टोबर १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात भरला. पुरुषभर उंचीचा ‘पृथ्वीचेंडू’ अनेकांनी मिळून ढकलणे, हवाई छत्रीचे कापड सर्वांनी कडेने धरून फुगविणे व त्यावर चेंडू नाचविणे, हे तिचे लोकप्रिय खेळ होत. कॅनडात जिम डीकोव्ह यांनी १९७२ पासून सहकारी बैठे खेळ तयार केले.

बालकांच्या दृष्टीने सर्वांत प्रभावी कार्य कॅनडातील ओटावा विद्यापीठाचे क्रीडामानसशास्त्रज्ञ टेरी ऑर्लिक यांचे आहे. त्यांचा सहकारी खेळांवरील ग्रंथ १९७८ मध्ये व त्याचा दुसरा भाग १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रचलित खेळांचे नियम थोडेसे बदलून ते सहकारी कसे करावेत, हे त्यांनी दाखविले. संगीतखुर्चीचे त्यांनी सुचविलेले रूप प्रसिद्ध आहे. त्यात प्रत्येक फेरीत एक खुर्ची कमी होते, परंतु खेळाडू कमी होत नाही. उरलेल्या खुर्च्यांवर सर्वांना सामावून घ्यावयाचे असते; शेवटी एकाच खुर्चीचा आधार घेऊन सर्व मुले एकमेकांना सावरून धरतात. मूळ खेळात सर्वांत मंद मुलाला सर्वांत कमी खेळावयास मिळते. या रूपात तो अखेरपर्यंत खेळात राहतो.

अलीकडील प्रयोग : १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात चार ते पाच वर्षांच्या ७० मुलांचे निरीक्षण करण्यात आले. सहकारी खेळांच्या काळात त्यांच्यातील सहकार्याचे वर्तन वाढले व आक्रमक वर्तन घटले. स्पर्धात्मक खेळांच्या काळात याच्या उलट घडले. यादवी युद्धानंतर बॉस्निया व हर्झगोव्हीना येथे १९९८ पासून निरनिराळ्या वांशिक समाजांच्या गावांतील मुलांना एकत्र आणणाऱ्या फुटबॉलशाळा भरविण्यात आल्या. त्यांतील संघ मुद्दाम मिश्र ठेवले जातात.

भारताच्या संदर्भात दोन अभ्यास विशेष उल्लेखनीय आहेत. दिल्लीतील काही खाजगी शाळांना २००७ पासून गरीब कुटुंबांतील मुलांना प्रवेश देणे आवश्यक झाले. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी या शाळांतील मुलांना टप्प्यांच्या शर्यतीसाठी सहकारी निवडण्यास सांगितले. काही सधन मुलांनी वेगवान परंतु गरीब मुलाला वगळून मंद परंतु सधन मुलाची निवड केली. तथापि ज्यांच्या वर्गात गरीब मुले होती, त्यांच्यात हा भेदभाव कमी आढळला (२०१९). मॅथ्यू लो यांनी उत्तर प्रदेशातील वाराणसी जिल्ह्यात निरनिराळ्या जातींच्या १,२६१ पुरुषांना घेऊन क्रिकेटच्या साखळी सामन्यांचा प्रयोग केला (२०२१). जे एका मिश्र संघात खेळले, त्यांच्यात आंतरजातीय मैत्री वाढली व स्वजातीयांस झुकते माप देण्याची प्रवृत्ती घटली. प्रतिस्पर्धी म्हणून इतर जातींशी संपर्क आलेल्यांत असा लाभ दिसला नाही, उलट परस्परसंबंध सामान्यतः घटले.

मर्यादा : इराकमध्ये विस्थापित ख्रिस्ती खेळाडूंच्या फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू समाविष्ट करून साल्मा मूसा यांनी केलेल्या अभ्यासात (२०२०) मैदानावरील व परिचित मुस्लिम खेळाडूंविषयीचे वर्तन सुधारले, परंतु मैदानाबाहेरील अपरिचित मुस्लिमांबाबत तसा बदल झाला नाही. खेळातून निर्माण झालेली आपुलकी प्रथम सवंगड्यांपुरती असते, ती आपोआप साऱ्या समाजाला व्यापीत नाही, असा याचा अर्थ होतो. शिवाय स्पर्धा सर्वस्वी त्याज्य आहे, असेही म्हणता येत नाही. मोठ्या वयाच्या मुलांना तुल्यबळ प्रतिस्पर्ध्याशी सामना हवासा वाटतो आणि न्याय्य नियमांखालील चुरशीतून परस्परांविषयी आदरही निर्माण होऊ शकतो.

या इतिहासावरून शालेय व्यवहारासाठी काही निष्कर्ष निघतात. संघ मिश्र असावेत आणि ते वारंवार बदलावेत, म्हणजे आजचा प्रतिस्पर्धी उद्याचा सवंगडी होतो. मुलाला बाहेर बसविणाऱ्या नियमांपेक्षा परत खेळात आणणारे नियम निवडावेत. जोडीने व सर्वांनी मिळून करावयाचे खेळ वर्षारंभी, गटबाजी रुजण्यापूर्वीच घ्यावेत. नायकपद आळीपाळीने सर्वांकडे जावे. खेळानंतरचे पाणी, खाऊ व बसण्याची जागा यांतही तीच समता असावी. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांतील प्रवेशवर्गात किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखून ठेवण्याची तरतूद केली. कायदा अशा मुलांना एका वर्गात आणू शकतो. मधल्या सुटीत ती कोणाबरोबर खेळतात, हे तो ठरवू शकत नाही. ते काम मैदानावर गडी वाटून देणाऱ्या शिक्षकाचे असते.